शाळेचे दुखणे आणि समाजशास्त्राची नाडीपरीक्षा



आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी ज्ञानदानाकडे जैन समाजाचा ओढा विशेष आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि त्या सुमारास धरमपेठेपासून इतवारीपर्यंत ठिकठिकाणी वह्या-पुस्तकांचे वाटप होते. ही परंपरा वंदनीय खरीच. परंतु ज्या मुलाला वही मिळाली ते दिवाळीनंतर वर्गात दिसते काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. समाजशास्त्रीय संशोधनाचे काम तेथून सुरू होते.

महाराष्ट्रात या कामाचा भक्कम पाया सातारा जिल्ह्यात घातला गेला. पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ (त्यांचे बालपण नागपुरात गेले, हे येथे सांगावयास हवे) आणि वि. म. दांडेकर यांच्या तेथील प्राथमिक शिक्षणाविषयीच्या दोन पाहण्यांचे अहवाल १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. शाळा सोडून काही वर्षे लोटल्यावर माणूस पुन्हा निरक्षर होतो काय, हा एक प्रश्न. मुले एकाच इयत्तेत किती रखडतात आणि मधूनच किती गळतात, हा दुसरा. पटावरील नावे मोजून यांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. शिवाय गळती आणि रखडणे ही दुखणी निराळी. गळतीचे मूळ पुष्कळदा घरात, शेतात, धाकट्या भावंडाच्या पाळण्यापाशी सापडते; रखडण्याचे मूळ वर्गातही शोधावे लागते. दोहोंवर एकच औषध चालत नाही.

त्याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या या पुरुषाने ओळखले होते की, खेड्यातल्या मुलाला शाळेपेक्षाही आधी भाकरी आणि निवारा हवा. अशी दृष्टी पदवीवाचूनही असू शकते. परंतु भाऊराव शतकातून एखादेच निपजतात. इतरांना प्रश्नावली, नोंदवही आणि घरोघर फिरण्याचे कष्ट यांवाचून गत्यंतर नाही.

अलीकडचे उदाहरण मुंबईचे. ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमले. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना त्या रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन व अंकओळख शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी संशोधकांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथे, ज्या वर्गांना बालसखी मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही, त्यांची तुलना केली. सर्वांत मागे राहिलेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. बॅनर्जी व डुफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाले. ही मंडळी अर्थशास्त्रज्ञ. पण मुलाच्या घरादारासह शाळेकडे पाहण्याच्या कामात शास्त्रांच्या भिंती फारशा टिकत नाहीत. २००५ पासूनच्या ‘असर’ पाहण्यांनी तर देशाला दाखवून दिले की, ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा परिच्छेदही वाचता येत नाही. शाळेत मूल आले म्हणजे शिकले, हा समज त्या आकड्यांनी मोडला.

समस्या केवळ गरिबाच्या शाळेत असते असेही नाही. घरी मारवाडी किंवा गुजराती, अंगणात हिंदी-मराठी आणि वर्गात इंग्रजी अशी तीन तोंडे सांभाळणारे सुखवस्तू घरातील मूल गप्प का झाले, हे प्रगतिपुस्तकावरून कळत नाही. शिकवणीचा आणखी एक तास वाढवणे सोपे असते, म्हणून तो वाढतो.

धरमपेठेत शाळांची वाण नाही आणि शेजारी फुटाळा, पांढराबोडीसारख्या वस्त्या आहेत. न्यासाने यंदाच्या वाटपाबरोबर दहा प्रश्नांचा एक कागद तयार करावा: मुलाला घरी कोण सांभाळते, शाळा किती दूर, गेल्या महिन्यात किती दिवस बुडाले आणि का, दुसरीचा धडा वाचता येतो काय. महिला मंडळ आणि युवक मंडळातील दहा-बारा जणांनी दोन रविवार दिले तर पन्नास-साठ घरे सहज होतील. मात्र पालकांची संमती आधी घ्यावी, नावे गुप्त ठेवावीत आणि कोणत्याही मुलाला त्यासाठी व्यासपीठावर उभे करू नये. हीच पाहणी दिवाळीनंतर त्याच घरी पुन्हा करावी. पुढील वर्षीचा निधी वह्यांवर, रिक्षाभाड्यावर की वस्तीतल्याच एखाद्या बालसखीच्या मानधनावर खर्च करावयाचा, हे त्या दोन कागदांची तुलना करून विश्वस्तांना ठरवता येईल.