आडवाटेची शिदोरी
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्याकडे पाककला, आरोग्य किंवा बालसंगोपन यांवर कोणीतरी विदुषी बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आणि विषयही त्यांनीच दिला : "डोंगरातल्या कच्च्या वाटांनी गाडी घेऊन जाताना बरोबर काय न्यावे?" मी म्हटले, "अहो, हा तर पुरुषांचा विषय!" त्या म्हणाल्या, "सामान बांधते कोण?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून आज आपल्यापुढे उभी आहे.

आपल्यापैकी पुष्कळ घरांतून आता चारही चाकांना जोर लावणाऱ्या गाड्या आल्या आहेत. मुले सुट्टी लागली की सह्याद्रीतल्या जंगलवाटा धुंडाळतात, नाहीतर थेट लडाख-स्पितीकडे निघतात. त्यांना नको म्हणण्यात अर्थ नाही. पण डांबरी रस्ता सुटला की गाडीचा प्रवास हा प्रवास राहत नाही, तो एक छोटा प्रपंचच होतो. आणि प्रपंचात वेळेला वस्तू हाताशी नसली तर काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आधी माझी फजिती सांगते. ती नुसती फजितीच राहिली, हे आमचे नशीब.

2022 च्या ऑगस्टअखेर आम्ही दोन गाड्या घेऊन हिमाचल प्रदेशात स्पितीला गेलो होतो. एका गाडीत मी, यजमान आणि चिरंजीव. दुसऱ्या गाडीत धाकटे दीर, जाऊबाई आणि पुतण्या. मनालीहून एका दिवसात साडेचार हजार मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडून आम्ही काझाला पोहोचलो, दोन रात्री राहिलो आणि त्याच वाटेने परत निघालो. परतताना जाऊबाई गप्पांसाठी आमच्या गाडीत येऊन बसल्या. खिंड उतरून बातल मागे टाकले. चंद्रा नदीच्या काठाने जाणारा तो रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे. दिरांची गाडी पुढे होती, ती केव्हाच दिसेनाशी झाली होती. तेवढ्यात एका धारदार दगडाने आमच्या मागच्या चाकाची कूस फाडली. वेळ दुपारी तीनची.

चाक बदलायचे तर जॅक आणि पाना कुठे? सगळ्या बॅगांच्या तळाशी. त्या वाऱ्यात आम्ही साऱ्या बॅगा रस्त्यावर मांडल्या. जॅक लावला, तर तो मऊ खडीत रुतू लागला. फळी नव्हती. मुलाला गरम फुलके आवडतात म्हणून मी हौसेने लाकडी पोळपाट घेतला होता, तो जॅकखाली सरकवला. जॅक उभा राहिला. पण चाकाची नटे जागची हलेनात. निघण्यापूर्वी एका गॅरेजात चाके काढून बसवली होती, तेथे हवेच्या यंत्राने नटे इतकी आवळली होती की गाडीबरोबर मिळालेला तो वीतभर पाना वाकेल, पण नट फिरणार नाही. चूक गॅरेजची खरी. पण घर सोडण्यापूर्वी एकदाही नट सोडवून न पाहणे ही चूक आमचीच.

याच सुमारास जाऊबाईंनी माझा हात धरला. "ताई, डोकं फुटतंय हो. आणि मळमळतंय." मी विचारले, "केव्हापासून?" तर म्हणाल्या, "काझाला पोचलो तेव्हापासूनच. उगाच सगळ्यांचा विरस नको, म्हणून बोलले नाही." भगिनींनो, हे वाक्य आपल्यापैकी कोणती बाई बोलली नसेल? विरळ हवेच्या जागी डोकेदुखी आणि ओकारी ही खूण असते. अशा वेळी आणखी वर चढायचे नाही, विश्रांतीने उतार पडला नाही तर खाली उतरायचे. आणि आम्ही तेथे एका चाकावर अडून बसलो होतो.

तासाभराने वाटाण्याची पोती भरलेला एक ट्रक आला. ड्रायव्हरने एक नजर टाकली, आपल्या गाडीतून हातभर लोखंडी पाइप आणला, तो पान्याच्या दांड्यावर चढवला आणि पायाने दाब दिला. कट् असा आवाज झाला आणि नट सुटले. "माताजी, पाइप नहीं रखते?" एवढेच तो म्हणाला. त्या प्रश्नाने मी जेवढी शरमले, तेवढी कोणाच्या रागावण्यानेही शरमले नसते.

चाक बसले, पण पुढे काही अंतरावर नाला आडवा आला. हिमनद्यांचे हे नाले सकाळी ओहोळासारखे असतात. दिवसभर उन्हाने बर्फ वितळते आणि दुपारनंतर पाणी चढत जाते. आम्ही पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि पाणी आमच्या गाडीच्या दारापर्यंत लागले असते. ड्रायव्हर म्हणाला, "रात को मत उतारना, सुबह पानी कम होगा." ट्रक उंच आणि ओझ्याने जड, तो पार होणार होता. जाऊबाईंना रात्रभर त्या उंचीवर ठेवणे मनाला पटेना. अखेर यजमान आणि जाऊबाई ट्रकच्या केबिनमध्ये बसून पलीकडे गेले, खाली छत्रूला. दीर तेथेच आमची वाट पाहत बसले होते. खाली गेल्यावर रात्रीतच जाऊबाईंचे डोके उतरले.

मी आणि चिरंजीव मात्र अलीकडच्या काठावर राहिलो. रजया, स्टोव्ह आणि सारा फराळ दिरांच्या गाडीत. हत्यारे तेवढी आमच्या गाडीत! आम्हां दोघांना एक शाल, पाण्याची एक बाटली आणि अर्धा पुडा बिस्किटे. फोनला आवाका नव्हता. पहाटे तीन वाजता मुलाचे हात इतके गार पडले, की मी ते लहानपणी धरायची तसे पदराखाली धरून बसले. सकाळी सहाला पाहतो तो नाल्यात घोट्याएवढे पाणी. दोन मिनिटांत पार झालो.

त्या रात्री मी मनाशी जी यादी केली, तीच आज आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट चाकाची, कारण आडवाटेला बहुधा चाकच दगा देते. चांगल्या हवेचे जादा चाक, भक्कम जॅक आणि त्याखाली ठेवायला हातभर लांबरुंद जाड फळी. लांब दांड्याचा पाना, नाहीतर दांड्यावर चढेल असा पाइप. ट्यूब नसलेल्या टायरचे साधे भोक बुजवायला रबरी वातींचा आणि सुयांचा संच मिळतो; भरतकाम करणाऱ्या बाईला ते काम मुळीच अवघड नाही. मात्र टायरची कूस फाटली तर वातीचा उपयोग नाही, तेथे जादा चाकच हवे. हवा मोजायचे मापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंपही घ्यावा. वाळूत किंवा चिखलात रुतलेल्या चाकांतली हवा थोडी कमी केली, की चाक पसरते आणि पकड घेते. पण बाहेर पडताच ती पुन्हा भरावी लागते. पंप नसेल तर हवा सोडण्याच्या भानगडीत पडू नये.

दुसरी गोष्ट रुतलेली गाडी काढण्याची. एक आखूड दांड्याचे फावडे, चाकाखाली घालायच्या दोन खाचेदार पट्ट्या, ओढण्यासाठी रुंद नायलॉनचा पट्टा आणि तो अडकवायला लोखंडी कड्या. येथे एक सूचना मी दोनदा सांगते. पट्टा गाडीच्या बंपरला किंवा मागे गोळा असतो त्याला कधीही बांधू नये. सांगाड्याला ओढण्यासाठीच दिलेला हूक असतो, तेथेच बांधावा. ताणलेला पट्टा तुटला किंवा हूक उखडला, तर तो गोफणगुंड्यासारखा सुटतो आणि माणूस जिवानिशी जातो. म्हणून पट्ट्यावर मधोमध जाड घोंगडी किंवा गोणपाट टाकावे आणि बाकी मंडळींना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभे करावे. मुले कौतुकाने जवळ येतात. त्यांना आवरणे हे आपले काम.

तिसरी हत्यारांची पेटी. पेटी फार मोठी नको. पान्यांचा एक संच, दोन स्क्रूड्रायव्हर, पक्कड, हातोडी, चिकटपट्टी, बारीक तार, प्लॅस्टिकचे बंद, आपल्या गाडीला लागणारे फ्यूज, थोडे इंजिन ऑइल, रेडिएटरचे पाणी आणि बॅटरीला जोडायच्या तारा. इंजिन तापून वाफ येत असेल तर रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. प्रेशर कुकरचे झाकण आपण वाफ असताना उघडतो का? तसेच हे. गाडी थांबवून निवू द्यावी. शिवाय आग विझवायचे छोटे नळकांडे, रस्त्यावर ठेवायचा तांबडा चमकणारा त्रिकोण आणि कपाळावर बांधायचा दिवा. हातातल्या बॅटरीने नट सोडवता येत नाही. एक हात दिवा धरण्यातच जातो.

चौथी गोष्ट माणसांची. माणशी दिवसाला निदान 4 लिटर पाणी आणि ठरल्या दिवसांपेक्षा एक दिवसाचे जादा. न शिजवता खाता येईल असाच फराळ : दशम्या, कोरडी चटणी, शेंगदाण्याचे लाडू, गूळपोळी, भडंग. साडेचार हजार मीटरवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळते. तेथे उघड्या पातेल्यात भात मांडला तर तो तासभर रटरटेल, पण शिजणार नाही. स्वयंपाक करायचाच असेल तर कुकर हवा. औषधांत पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, जलसंजीवनीची पाकिटे आणि प्रत्येकाची नेहमीची औषधे दोन वाट्यांत, दोन वेगळ्या पिशव्यांत. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. रजया, कानटोप्या, कोरडे मोजे, काडेपेटी. रात्र गाडीत काढण्याची वेळ आली आणि ऊब यावी म्हणून इंजिन चालू केलेच, तर मागचा धुराडा बर्फाने किंवा चिखलाने बुजलेला नाही ना हे पाहावे, काच बोटभर उघडी ठेवावी आणि इंजिन चालू ठेवून झोपू नये. त्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही.

इंधनाचे विसरू नका. मनालीहून काझाला जाताना सुमारे 200 किलोमीटरच्या वाटेत पंपाचा भरवसा धरून चालत नाही, आणि खालच्या गिअरमध्ये गाडी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तेल पिते. टाकी भरूनच निघावे. पेट्रोलचे डबे मात्र माणसे बसतात तेथे ठेवू नयेत.

आता बांधणी. आपण लग्नाची पेटी भरतो तेव्हा आधी लागणारे वर ठेवतो की नाही? तोच नियम. जड वस्तू खाली, सीटच्या पाठीला लागून, पट्ट्याने घट्ट बांधलेल्या. सुटलेला जॅक आडव्या धक्क्याने डोक्यात बसू शकतो. टपावर जड ओझे नको, त्याने उतारावर गाडी कलंडते. जॅक, पाना, पट्टा, दिवा आणि औषधे मात्र अशा जागी, की एकही बॅग न हलवता हाती लागतील. दोन गाड्या असतील तर पाणी, फराळ, पांघरुणे आणि हत्यारे दोन्हींत वाटून द्यावीत. पुढच्या गाडीला आरशात मागची दिसली पाहिजे; दिसेनाशी झाली की थांबायचे. हा नियम पाळला असता तर ती रात्र आमच्यावर आलीच नसती.

घरी असलेल्या एखाद्या जबाबदार माणसाला आपली वाट आणि पोहोचण्याची वेळ लिहून द्यावी. संकटात 112 हा क्रमांक देशभर चालतो. पण जेथे फोनच लागत नाही तेथे घरी ठेवलेला तो कागदच आपला शोध घ्यायला लावतो. जुलै 2023 मध्ये त्याच स्पितीच्या वाटेवर चंद्रताल येथे अवेळी पडलेल्या बर्फाने अडीचशेहून अधिक प्रवासी काही दिवस अडकून पडले होते, हे आपण वाचलेच असेल. बर्फ कोणाला विचारून पडत नाही.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पेटी भरणे म्हणजे तयारी नव्हे. निघण्याआधी एखाद्या रविवारी आपल्याच अंगणात एकदा चाक काढून बसवा, आणि ते काम घरातल्या प्रत्येकाला करू द्या. सुनेला, मुलीला, आणि आपणही करा. जोर कमी पडतो म्हणाल, तर जोर हाताचा नसतो, दांड्याच्या लांबीचा असतो. वस्तू कुठे ठेवली आहे हे घरात एकालाच माहीत असेल, तर तो माणूस आजारी पडताच ती वस्तू नसल्यासारखीच. आणि दुखत असेल तर सांगा, भगिनींनो. विरस झाला तर एक सहल जाते. न सांगितल्याने जे जाऊ शकते, ते परत आणता येत नाही.

तो पोळपाट आजही माझ्या स्वयंपाकघरात आहे. मधोमध जॅकचा वाटोळा खळगा पडला आहे, त्यावर पोळी काही धड लाटली जात नाही. नवा आणा असे सगळे म्हणतात. मी आणला आहे. पण जुना टाकलेला नाही. कोणी सहलीला निघाले, की तो खाली काढते आणि निघणाऱ्याच्या हातात देते. फळी विकत घेतली आहे ना, म्हणून विचारते.

येत्या महिन्यात मंडळाच्या अंगणात चाक बदलण्याचा एक वर्ग घ्यावा, अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे. गाडी आमची आणीन, पाना आणि पाइपही आणीन. साड्या मात्र जरा जुन्या नेसून या.