जैवसुरक्षा : प्रयोगशाळेच्या आतील पहारा



१९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने युद्धात जैविक अस्त्रे वापरण्यास मनाई केली. ती बनविण्यास वा साठविण्यास नव्हे. ही उणीव १९७२ च्या जैविक अस्त्रे कराराने भरून काढली. भारताने १९७४ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले आणि २६ मार्च १९७५ रोजी तो अमलात आला.

तथापि, करारात पडताळणीची यंत्रणा नाही. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातील स्वर्डलोव्हस्क येथे लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे, म्हणजेच काळपुळीचे जंतू हवेत पसरले. किमान ६६ माणसे दगावली. शासनाने दूषित मांसाकडे बोट दाखविले. सत्याची अधिकृत कबुली मिळण्यास १९९२ उजाडले. पडताळणीविषयीची बोलणी २००१ मध्ये फिसकटली.

अडचण मूलभूत आहे. ज्या उपकरणांनी लस तयार होते, त्यांनीच घातक जंतूही वाढविता येतात. वेगळा असतो तो केवळ हेतू. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा माहितीच्या विषमतेचा प्रश्न होय. प्रयोगशाळेत काय चालले आहे, हे प्रथम कळते ते तेथे काम करणाऱ्यालाच. म्हणूनच २०२१ च्या तिआनजिन मार्गदर्शक तत्त्वांत शास्त्रज्ञांच्या शिक्षणाला स्थान मिळाले आहे.

भारताने २००५ मध्ये सामूहिक संहाराच्या अस्त्रांविरुद्ध कायदा केला. कायदा अपराधानंतर शिक्षा देतो. अपराधात सामील होण्यास नकार देण्याचे बळ मात्र शिक्षणातून येते. जीवशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात या कराराला स्थान असावे, ते याचसाठी.