हरण्याचं चित्र

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

रावेर, यावल, चोपडा किंवा शिरपूरच्या केळी उत्पादकाला ‘हरण्या’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे उमटतात, पान आखडतं, पोंगा सडतो आणि झाडाची वाढ खुंटते. हा कुकुंबर मोझॅक विषाणूचा, म्हणजेच सीएमव्हीचा प्रताप. २०२० च्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यात कितीतरी शेतकऱ्यांना हाताने लावलेली रोपं हातानेच उपटावी लागली. ‘फवारणी केली होती, तरी रोग आला कसा?’ हा तेव्हाचा सगळ्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचं उत्तर शब्दांत देता येतं, पण चित्रातून ते लवकर पटतं. अडचण अशी, की हा विषाणू दिसत नाही. एका मिलिमीटरच्या लांबीत असे तीस हजारांहून अधिक कण ओळीनं बसतील. क्ष-किरणांच्या साहाय्यानं २००० साली त्याची रचना उलगडली. पण शास्त्रज्ञाच्या हाती येतात ते आकडे: कोणता अणू कुठे आहे, एवढंच सांगणारे. त्या आकड्यांना आकार देण्यासाठी चित्रकाराची नजर लागते. मग दिसतं, की एकसारख्या १८० प्रथिनांचं हे कवच आहे. पाच-पाचांचे १२ आणि सहा-सहांचे २० गट, अगदी फुटबॉलच्या शिवणीसारखे!

प्रथिनं फितीसारखी वळणदार दाखवण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे. अमेरिकेतल्या जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये हातानं काढलेल्या चित्रांमुळे ती रुजली. संगणक ती पुढे शिकला. म्हणजे आधी हात, मग यंत्र.

आता रंगाचं काय? विषाणूला रंगच नसतो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी त्याच्यापेक्षा दहापटीहून मोठ्या असतात. म्हणून पडद्यावरचा प्रत्येक रंग ही चित्रकाराची निवड असते, आणि निवड म्हटली की जबाबदारी आली. विषाणूला लालभडक राक्षस करून दाखवला तर माणूस घाबरेल, शिकणार काहीच नाही. त्याऐवजी तो मावा किडीच्या सोंडेला कसा चिकटतो हे दाखवलं तर? मावा रोगट झाडाची चव घेतो ती काही सेकंदांची, फार तर मिनिटभराची. तेवढ्यात विषाणू सोंडेला लागतो आणि पुढच्या निरोगी झाडात उतरतो. औषधाचा परिणाम होईपर्यंत काम झालेलं असतं! म्हणून नुसत्या फवारणीवर विसंबून चालत नाही. रोगट झाड दिसताच मुळासकट काढून नष्ट करायचं, बांधावरचं तण ठेवायचं नाही, केळीत किंवा जवळपास काकडी, मिरची, टोमॅटो घ्यायचे नाहीत. एकदा रोग शिरलेलं झाड कोणत्याही औषधानं बरं होत नाही, हेही त्या चित्रानं स्पष्ट सांगायला हवं.

असं चित्र काढणार कोण? आपल्याकडे एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा हौसेनं देणारी मुलं गावोगाव आहेत. दहावीनंतर सायन्स घेतलं की रंगपेटी माळ्यावर जाते, आणि चित्रकलेकडे वळलं की जीवशास्त्र सुटतं. ही वाटणी आपणच केली आहे. प्रथिनांची आणि विषाणूंची रचना साठवणारी प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून चालू आहे आणि आज ती सर्वांना मोफत खुली आहे. ब्लेंडरसारखी चित्रं हलती करणारी प्रणालीही फुकट मिळते. एक संगणक, जीवशास्त्राचे एक सर आणि चित्रकलेचे एक सर, एवढ्यावर जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही महाविद्यालयात काम सुरू होऊ शकतं.

दोन मिनिटांची अशी चित्रफीत अहिराणीत किंवा लेवा बोलीत निवेदन देऊन केली आणि पुढच्या लागवडीआधी शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचली, तर काही रोपं तरी उपटण्यापासून वाचतील. पालकांनो, मुलगी बेडकाच्या आकृतीत रंग भरत बसली असेल तर तिला ‘अभ्यास कर’ म्हणू नका. ती अभ्यासच करते आहे.