संचय नव्हे, संग्रह : ध्वनिमुद्रिकांचा कौटुंबिक वारसा



१९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना चाली दिल्या होत्या भास्करबुवा बखले यांनी; रुक्मिणीच्या भूमिकेत ती पदे गायली बालगंधर्वांनी. गुरूने सूर द्यावा आणि शिष्याने तो घरोघरी पोहोचवावा, असा तो दुर्मीळ योग होता. आज शंभराहून अधिक वर्षांनंतर शिष्याचा आवाज ऐकता येतो, गुरूचा मात्र येत नाही. १९२२ साली भास्करबुवा गेले. त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. ज्यांनी ते गाणे ऐकले त्यांच्या आठवणी काही काळ उरल्या; पुढे त्या सांगणारेही राहिले नाहीत. एक आवाज उरला आणि एक कायमचा हरपला, यात थोरवीचा प्रश्न नाही. दोहोंमध्ये अंतर आहे ते केवळ लाखेच्या एका तबकडीचे. जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह हा रिकामटेकड्यांचा छंद आहे काय, या प्रश्नाचे उत्तर या एका उदाहरणात मिळते.

भारतात ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कोलकात्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेडरिक गैसबर्ग याने गौहर जान व इतर कलावंतांचे गायन मुद्रित केले. त्या मूळ मुद्रिका जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि तेथून तबकड्या होऊन परत येत. तेथील कामगारांना गायक ओळखता यावा म्हणून गाण्याच्या अखेरीस कलावंत स्वतःचे नाव उच्चारीत असे. आज ती घोषणा ऐकताना गंमत वाटते. वस्तुतः ती त्या तबकडीची जन्मनोंद होय. १९०८ साली कोलकात्यातच कारखाना निघाला आणि तबकड्या येथे तयार होऊ लागल्या. तबकडीचे मुख्य द्रव्य जी लाख, ती तर पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर पोसणाऱ्या कीटकांची, भारतीय अरण्यांतलीच.

तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मिळत. नाट्यगृहात ‘वन्समोअर’ घेत रात्र रात्र रंगणारे पद या तीन मिनिटांत बसवावे लागे. विजेवरील ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी तर गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावे लागे. तेव्हा तबकडीत जे उरले ते संपूर्ण गाणे नव्हे, हे संग्राहकाने विसरू नये. पण तिने एक मोठे कार्य केले. जे संगीत नाटक गावोगावच्या तंबूत किंवा नाट्यगृहात तिकीट काढून पाहावे लागे, ते तिने वाड्याच्या ओसरीवर आणून ठेवले. आजोबांनी चावी भरावी, दर बाजूला नवी सुई लावावी आणि साऱ्या घराने, दारात थांबलेल्या शेजाऱ्यांनीही ऐकावे, अशी श्रवणाची एक कौटुंबिक रीत महाराष्ट्रात रुजली. संगीताचे शिक्षण न झालेल्या घरांतही रागांची ओळख झाली ती या रीतीमुळे.

हीच रीत पुढे नभोवाणीने चालविली. त्याचे शिखर म्हणजे ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ या दिवशी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचा प्रारंभ झाला. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. आठवड्याला एक नवे गीत, आणि त्याची वाट पाहणारी असंख्य घरे! येथे संग्राहकाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे निरनिराळे कलावंत निरनिराळ्या पात्रांची गीते गायले होते. पुढे एच.एम.व्ही.ने दहा तबकड्यांचा जो संच काढला, तो फडके यांच्या आवाजात. आज बहुसंख्य घरांत ‘गीतरामायण’ म्हणून जे ऐकले जाते ते हे दुसरे रूप. ते थोरच आहे. परंतु १९५५ साली घराघरांत जे ऐकले गेले ते नव्हे. हा भेद ज्याने लिहून ठेवला तो संग्राहक. ज्याने केवळ संच कपाटात लावला तो संचयकर्ता.

असेच १९७४ साली शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त आलेल्या ‘शिवकल्याण राजा’चे. लता मंगेशकरांचा स्वर, हृदयनाथांचे संगीत आणि बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन यांमुळे ती तबकडी मुलांसाठी इतिहासाचा एक पाठच ठरली. त्यानंतर कॅसेटचे युग आले. पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन एकत्र बसून ऐकणे आणि पुढचे वाक्य कोणीतरी आधीच म्हणणे, हा अनेक घरांचा रविवारचा क्रम झाला.

हा ठेवा गेला कुठे? लाखेच्या तबकड्या जाऊन लाँगप्ले आल्या तेव्हा जुन्या माळ्यावर गेल्या. कॅसेट आली तेव्हा लाँगप्ले माळ्यावर गेल्या. वाडे पडून सदनिका झाल्या आणि माळेच नाहीसे झाले. मग भंगारवाल्याच्या तराजूत सूर किलोने मोजले गेले. संस्थांच्या पातळीवरही चित्र सर्वस्वी वेगळे नव्हते. चुंबकीय फिती महाग होत्या. एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा मुद्रित करण्याची पद्धत जगभरच्या नभोवाणी केंद्रांत होती. मात्र जे वाचले, त्याचा मोठा वाटा जुन्या बाजारात उन्हातान्हात तबकड्या उलथणाऱ्या खासगी संग्राहकांनी वाचविला, याची नोंद कृतज्ञतेने केली पाहिजे.

या एकाकी उद्योगाला संघटित रूपही आले. १९८२ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे संगीत-अभिलेखागार प्रथम पुण्यात सुरू झाले. पुढे ते दिल्लीकडे गेले. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. डॉ. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या वैज्ञानिकाने तिच्यासाठी वेळ वेचला. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकातून तबकड्यांच्या सूची आणि कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध झाली. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने भारतातील आरंभीच्या ध्वनिमुद्रणांची सूची सिद्ध केली. परदेशी माणसाने आपल्या तबकड्यांचे क्रमांक जुळवीत वर्षे घालवावीत आणि त्याच तबकड्या येथे माळ्यावर धूळ खात पडाव्यात, यावर वेगळे भाष्य नको.

आता प्रत्यक्ष कार्याविषयी. तबकडी हाती आली की पहिले काम ऐकण्याचे नसून लिहिण्याचे. लेबलवरील क्रमांक, त्याच्या कडेला लाखेत कोरलेला मूळ मुद्रणाचा क्रमांक, कलावंत, नाटक, राग, आणि ती कोणत्या घरातून आली, हे सारे नोंदवहीत यावे. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये. लाख मद्यार्कात विरघळते आणि पुसणारा हात सूरच पुसून टाकतो. शुद्ध पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरेसे. लेबल मात्र कोरडे राहावे. तबकड्या एकावर एक रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. कोकणासारख्या दमट हवेत बुरशीवर विशेष लक्ष असावे.

प्रत काढताना जुन्या चावीच्या यंत्राचा मोह टाळावा. त्याच्या जड पोलादी सुईने प्रत्येक वेळी खाचा झिजतात. हलक्या बाहूचे विजेचे यंत्र आणि रुंद खाचांना योग्य अशी सुई लागते. गतीची शहानिशा तर अत्यावश्यक. आरंभीच्या सर्व तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ने वाजविली तर गायकाची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, लय द्रुत होते आणि ऐकणारा म्हणतो, त्या काळी फार घाईने गात असत! दोष गायकाचा नसतो. तसेच खरखर काढून टाकण्याच्या उत्साहात सुरांचे तेजही जाते. म्हणून एक प्रत कोणतीही प्रक्रिया न केलेली ठेवावी. शुद्धीकरण दुसऱ्या प्रतीवर करावे.

या कार्यात कायद्याची अडचण वाटते तेवढी नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. शब्द आणि संगीत यांवरील हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे. खाडिलकर १९४८ साली गेले. त्यामुळे ‘स्वयंवर’मधील पदे आणि बालगंधर्वांच्या काळातील त्यांच्या तबकड्या आज समाजाच्या मालकीच्या आहेत. माडगूळकर १९७७ साली गेले. ‘गीतरामायणा’च्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत राहील आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. घरच्या प्रतीची निगा राखणे आणि तिची नोंद करणे याला मात्र कोणताही कायदा आडवा येत नाही.

आडवी येते ती वृत्ती. दुर्मीळ तबकडी आपल्यापाशीच आहे, यातच काहींना धन्यता वाटते. ते कोणाला ऐकवीत नाहीत, सूची करीत नाहीत, मुलांना काही सांगत नाहीत. त्यांच्या पश्चात तो संग्रह पुन्हा त्याच भंगाराच्या दुकानात पोहोचतो. दुसरीकडे आज भ्रमणध्वनीवर हजारो जुनी गाणी एका बोटाने मिळतात; परंतु तबकडीचा क्रमांक नाही, साल नाही, कित्येकदा गायकाचे नावही चुकीचे. मूळ वस्तू आणि तिची नोंद नसेल तर ती चूक दुरुस्त कशाच्या आधारे करणार?

म्हणून प्रत्येक घराने एवढे तरी करावे. माळा, ट्रंक, जुने कपाट एकदा उघडावे. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांच्यासह त्या तबकड्या आणि कॅसेट ऐकाव्यात व ती सांगतील ते लिहून घ्यावे, कारण तबकडीवर गाणे असते, त्या गाण्याभोवतीचे घर त्यांच्या स्मरणातच असते. सांभाळणे अशक्य झाले तर नोंदवहीसह तो ठेवा जाणत्या संग्राहकाकडे वा संस्थेकडे सोपवावा, आणि तसे हयातीतच लिहून ठेवावे. भास्करबुवांचा आवाज आता कोणत्याही यत्नाने परत येणार नाही. ज्यांचे आवाज अद्याप माळ्यावर आहेत, त्यांच्याबाबतीत पुढच्या पिढीला हेच वाक्य उच्चारण्याची वेळ येऊ नये.