उसने गहू

मुलांना देण्याची सवय कशी लावावी, असं पालक मला विचारतात. मी कविता लिहिणारा माणूस, बालमानसशास्त्र काही शिकलेलो नाही. पण माझ्या आईनं काय केलं, ते सांगतो.

कराडजवळ कृष्णाकाठच्या खेड्यात आमचं घर. ईदच्या नमाजाआधी फित्रा काढायचा. माणशी साधारण दोन किलो गहू, नाहीतर त्याची किंमत, गरजूच्या घरी पोचवायची; म्हणजे सणादिवशी तिथंही चूल पेटते. पाळण्यातल्या बाळाच्या नावानंही फित्रा निघतो. माझ्या नावाचे गहू आई मलाच मोजायला लावी. मी माप हातानं सपाट केलं की म्हणायची, "शीग लाव."

गल्लीच्या टोकाला एक विधवा बाई राहत. त्यांच्याकडे पाठवताना आई पढवायची, "म्हणायचं, माँनं उसने घेतलेले गहू परत पाठवलेत." एका वर्षी मी अडून बसलो. आपण उसने घेतले कधी? रोजे चालू असताना खोटं बोलायचं? आई म्हणाली, "मग खरं बोल. तुम्ही गरीब म्हणून आणलेत, असं त्यांच्या तोंडावर सांगून ये."

मी गेलो. बाई पदराला हात पुसत दारात आल्या आणि माझ्या तोंडून उसन्याचंच वाक्य निघालं. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "सांग तिला, एवढी घाई नव्हती."

पुढं बी.ए.साठी साताऱ्याला आलो, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट कानावर पडली. 1919 साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य जमवलं. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. हे सारे सांगतात. मला त्यातली पंगत महत्त्वाची वाटते. तिथं मुलं स्वतः राबत, कामं करत आणि एकत्र बसून जेवत. मिंधेपणाला तिथं जागाच नव्हती.

आज वडिलांनी दिलेली नोट मूल पेटीत टाकतं आणि आपण फोटो काढतो. यात मुलाचं काय गेलं? आणि घेणाऱ्या मुलालाही त्या फोटोत उभं करतात, ते तर मला बघवत नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगली पाण्यात गेली. पूर ओसरल्यावर आलेली मदत निवडायला मी काही दिवस जात होतो. राज्यभरातून लोकांनी भरभरून पाठवलं, हे आधी सांगितलं पाहिजे. पण काही गाठोडी सोडली, की फाटके परकर निघायचे, एकेरी चपला निघायच्या. शेजारी कपडे निवडणारी एक पूरग्रस्त बाई ते हातात धरून नुसती बघत राहिली. मीच मान खाली घातली.

त्याच ढिगात एक दप्तर होतं. आत सहा वह्या, वेड्यावाकड्या कापलेल्या खाकी कागदाची कव्हरं घातलेल्या. नक्कीच मुलाच्या हातची. प्रत्येकीवर लेबल चिकटवलेलं. विषय लिहिलेला, नावाची जागा कोरी सोडलेली. पाठवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं.

ते दप्तर आम्ही चौथीतल्या एका मुलाला दिलं. त्यानं वही उघडलीच नाही. आधी पेन मागितलं.