नाव आमचे, कर्ज कुणाचे?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



खरीप तोंडावर आला की आपल्या घरात दोन कामे सुरू होतात. बियाण्याची जुळवाजुळव आणि कागदांची जुळवाजुळव. सातबारा, आठ अ, आधारची झेरॉक्स, पासबुक, दोन फोटो. हा गठ्ठा आपण सोसायटीत देतो, बँकेत देतो, विम्यासाठी सेवा केंद्रात देतो, बायकांच्या गटाला कर्ज देणाऱ्या फायनान्सवाल्याला देतो. वर्षभरात कुणाला किती झेरॉक्स दिल्या, याचा हिशोब आपल्यापैकी कुणाजवळही नाही. कापसाच्या मापात किलोभर मारला तर आपण काट्यावर भांडतो. कागद देताना मात्र विचारत नाही, की बाबा, हे ठेवणार कुठे आणि वापरणार कशाला?

न विचारल्याने काय होते ते पाहायला फार लांब जायला नको. परभणी जिल्हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांना लागून आहे. तिथल्या गंगाखेडच्या खासगी साखर कारखान्याचे प्रकरण २०१७ साली पोलिसांत गेले. आरोप असा, की शेतकऱ्यांचे कागद वापरून, त्यांना पत्ता लागू न देता, अनेक बँकांतून त्यांच्या नावावर कर्जे उचलली गेली. शेतकऱ्यांना कळले ते बँकेच्या नोटिसा घरी आल्यावर. डिसेंबर २०२० मध्ये ईडीने या प्रकरणात २५५ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. दोषी कोण, निर्दोष कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम. आपला प्रश्न साधा आहे. ज्याने बँकेची पायरी चढली नाही, त्याच्या नावावर कर्ज चढतेच कसे?

पीक विम्यातही तेच झाले. एक रुपयात विम्याची योजना २०२३ च्या खरिपात सुरू झाली आणि २०२५ मध्ये बंद झाली. मधल्या काळात दुसऱ्याच्या जमिनीवर, देवस्थानच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणे राज्यभर निघाली. जमीन एकाची, खाते दुसऱ्याचे.

आता हे समजून घ्या, की यात आपले नुकसान नेमके कुठे होते. पूर्वी गावात सावकाराची एक चोपडी होती. तीत काय लिहिले ते निदान गावाला ठाऊक असे. आज देशात अशा चार चोपड्या आहेत. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. चारही कंपन्या. बँका त्यांना आपल्या कर्जाची माहिती देतात आणि त्या तीनशे ते नऊशेच्या दरम्यान आपल्याला मार्क देतात. न घेतलेले कर्ज थकले तरी मार्क आपलेच कापले जातात. पीककर्जाला सिबिल पाहू नका, असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले, २०२५ मध्ये तर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. पण ट्रॅक्टर, पाइपलाइन, पोराचे शिक्षण, घर यांच्या कर्जाला सिबिल आहेच. आणि चूक दुरुस्त होईपर्यंत मृग थांबत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला पंधरा दिवस उशीर म्हणजे पुन्हा खासगी सावकाराचे दार.

ज्यांच्याकडे माहिती आहे, त्यांच्या कोठाराला तरी कुलूप आहे का? या चौघींपैकी इक्विफॅक्सच्या मूळ कंपनीतून २०१७ साली अमेरिकेत सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. तिथे लोक खवळले. कंपनीला २०१९ मध्ये ७० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य करावी लागली. २०१८ पासून तिथल्या माणसाला आपली चोपडी फुकट बंद करून ठेवता येते. तो उघडेपर्यंत त्याच्या नावावर नवे कर्ज काढणे अवघड. आपल्याकडे सरकारी कोठारही गळते. पीएम किसानच्या संकेतस्थळावरून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचे एका संशोधकाने २०२२ च्या जानेवारीत कळवले. ते भोक बुजायला मे उजाडला.

कायदा झाला आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा हा कायदा २०२३ चा. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य कलमांना आणखी अठरा महिन्यांची मुदत. माहिती सांभाळली नाही तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड. ऐकायला बरे वाटते. पण हा दंड जातो सरकारच्या तिजोरीत. गुरे आपल्या ज्वारीत शिरली, कोंडवाड्याचा दंड ग्रामपंचायतीने घेतला. ज्वारी खाल्ली त्याचे काय?

म्हणून काही कामे आपण आजपासून करायची.

एक. झेरॉक्सवर आडवी सही करून काम आणि तारीख लिहायची. 'फक्त पीक विम्यासाठी', 'फक्त सोसायटीच्या कर्जासाठी'. कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा नाही.

दोन. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकीचा मागवला तर वर्षभर राखण होते. शिकलेल्या पोरांनी हे गावासाठी करावे.

तीन. खोटे कर्ज दिसले तर बँक आणि कंपनी दोघांकडे लेखी तक्रार करायची आणि पोच घ्यायची. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. तिथे फी नाही.

चार. आधारचा अंगठा कुलूपबंद करता येतो. चौकशीसाठी फोन १९४७. खात्यातून पैसे गेले तर त्याच दिवशी १९३० ला फोन आणि बँकेत लेखी तक्रार.

आणि मागण्या. जो कागद घेईल त्याने पावती द्यावी. माहिती फुटली तर भरपाई शेतकऱ्याच्या हातात पडावी. कर्ज शेतकऱ्याने घेतले हे बँकेने सिद्ध करावे, सही दाखवावी, पैसा कुणाच्या खात्यात गेला ते दाखवावे. तोवर त्याचे पीककर्ज अडवू नये.

आपण कर्ज मागतो तेव्हा बँक जमीन गहाण घेते, वर दोन जामीनदार मागते. आपली सगळी माहिती घेणाऱ्याकडून मात्र कुणी साधी पावती मागत नाही. ती आपण मागायची. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपला एक अहवाल घेऊन यावे. ज्यांच्या अहवालात न घेतलेले कर्ज निघेल, त्यांच्या तक्रारी तिथेच बसून लिहू आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून बँकेत नेऊन देऊ.