शहरी मृत्यूचे बदलते स्वरूप



१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा भयभीत लोकांनी शहर सोडले. आज मृत्यू निःशब्द पावलांनी येतो. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग अशा असंसर्गजन्य रोगांचा भारतातील एकूण मृत्यूंमधील वाटा १९९० मध्ये सुमारे ३८ टक्के होता. २०१६ मध्ये तो ६२ टक्क्यांच्या घरात गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत शहरी प्रौढांपैकी सुमारे ४१ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. हा विकार वर्षानुवर्षे वेदनेवाचून राहतो आणि घरचा कर्ता माणूस ऐन उमेदीत हिरावून नेतो. म्हणून तिशी ओलांडताच रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी, तंबाखू वर्ज्य करावी, मीठ आवरावे आणि बरे वाटते म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून औषध कदापि थांबवू नये.